वेणूमावशीचं ग्राफिक्स कार्ड

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, कॉम्प्युटर रिपेअरिंग’. पहिल्या तिन्हींवर माझं घर चालतं आणि चौथ्यावर माझी मिजास. आसपासच्या दहा गावांत ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते कळणारा मी एकटाच, अशी माझी बरीच वर्षं ठाम समजूत होती. ती समजूत जिने मोडली तिच्याबद्दल हे लिहितोय. मला तिचा राग आला होता आणि तो आता गेलाय, एवढं आधीच सांगून टाकतो.

वेणूमावशी भरडखोलच्या कोळीवाड्यातली. वय एकसष्ट. बाजारातल्या मासळीच्या ओट्यावर कोपऱ्यातली जागा गेली पस्तीस वर्षं तिची. कुणी भाव विचारला की ती आधी माणसाकडे बघते, मग माशाकडे, आणि मग भाव सांगते. मला ती कायम चढाच भाव सांगते. का, म्हणून विचारलं तर म्हणते, “दुकानवाला हायस, तुला काय कमी?”

गेल्या जूनमधली गोष्ट. मासेमारीची बंदी लागली होती. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकल्या होत्या आणि ओट्यावर नुसती सुकी मासळी. अशात एका दुपारी मावशी दुकानात शिरली आणि स्टुलावर बसली.

“प्रीतम, कार्ड कितीला पडंल?”

“कुठलं? आधारचं की रेशनचं?”

“ग्राफिकचं.”

लॅमिनेशन मशीनमध्ये घातलेला कुणाचा तरी दाखला माझ्या हातून तिरका गेला. कुणासाठी हवंय, असं विचारलं तर म्हणाली, भाविकासाठी. भाविका तिची लेक. पनवेलला डिझायनिंग शिकायला होती तेव्हा तिने कॉम्प्युटर घेतला होता. पुढे उरणला कंटेनरच्या ऑफिसात नोकरी लागली, तिकडेच लग्न झालं, तिने लॅपटॉप घेतला आणि जुना कॉम्प्युटर आईच्या घरी राहिला. मग लेकीला आता त्याच कॉम्प्युटरमध्ये कार्ड कशाला हवं? मावशी पदराने वारा घेत बसली.

“मावशी, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस?”

तेव्हा कुठे बोलली. भाविकाने जाताना त्या कॉम्प्युटरवर एक विलायती खेळ टाकून ठेवला होता. त्यात आपण होडी चालवायची, मासे धरायचे आणि बंदरात जाऊन विकायचे. गेल्या वर्षीच्या बंदीत मावशीचा गुडघा धरला होता, बसल्या बसल्या करमेना म्हणून तिने तो उघडला. तेव्हापासून ओट्यावर बसायचं नसेल त्या दुपारी भांडी घासून झाली की ती समुद्रावर जाते.

“एकसष्ट वर्सं दर्याच्या काठाला काढली,” ती म्हणाली. “बापाची होडी, मंग नवऱ्याची होडी. मासं मी विकलं, जाळी मी सांधली. पन सुकानूला हात लावला न्हाय कवा. आमच्यात बाया होडीवर जात न्हाईत. त्या डब्यात मी तांडेल हाय.”

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. खरा तांडेल तिचा नवरा, नामाकाका. आणि दुखणं तिथेच होतं. खेळात समुद्र शांत असेपर्यंत होडी झकास चालायची. तुफान आलं आणि लाटा उसळल्या की चित्र थिजायचं. पुन्हा हलायला लागेपर्यंत होडी तळाला गेलेली असायची. सतरा वेळा बुडाली होती. नामाकाका मागे उभे राहून हसायचे आणि वर टोमणा, “बाईमानसाच्या हाती सुकानू दिला की असंच व्हनार.”

“तीन वर्सांमागं मी म्हनले, वारा फिरलाय, आज निघू नका,” मावशी म्हणाली. “तर मला म्हनतात, तू मासं वीक. गेले. दोन जाळी घालवून आले. आता पैज लागलीय. पुनवेच्या आत तुफानातनं होडी बंदराला लावली तर घरात दर्यावर बोलायचा मला हक्क. न्हायतर जन्मभर मासं विकायचं आनि गप बसायचं.”

नारळीपौर्णिमा त्या वर्षी ऑगस्टात होती. होड्या पाण्यात उतरल्या की मावशीलाही दिवसभर ओट्यावर बसावं लागणार, तेव्हा वेळ होता तो एवढाच. तिने पदराखालून एक पिशवी काढून काउंटरवर ठेवली. अठरा हजार रुपये, सुक्या बोंबलाच्या वासासकट. त्या नोटा मी बँकेत भरल्या तेव्हा कॅशिअरने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं होतं.

मी यादी करायला बसलो. पहिली यादी सेहेचाळीस हजारांची झाली. मावशी म्हणाली, “यात नवीन होडी येल.” दुसरी एकतीस हजारांची. तिने एकेक ओळ वाचायला लावली. रंगीत दिवे असलेला काचेचा डबा, असं मी वाचताच तिने हात वर केला.

“दिवं कशाला?”

“छान दिसतं, मावशी.”

“मासा दिवा लावून पोहतो काय? काट त्यो डबा.”

मग पंखे गेले, कीबोर्ड गेला. मी मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा हट्ट धरला तेव्हा तिने जुना कॉम्प्युटर केवढा, त्याला मानवेल का, असं विचारलं. मी म्हटलं, मानवणार नाही, जुन्या प्रोसेसरपायी कार्ड अर्ध्याच वेगाने धावेल. “मंग नाकापेक्षा मोती जड,” ती म्हणाली आणि विषय संपला. खरं तर हे मी तिला सांगायला हवं होतं. शेवटी डोकं आणि शेपूट छाटून जे उरलं ते असं: बेताचं जुनं ग्राफिक्स कार्ड, जुन्याला जोड म्हणून रॅम, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि नवा पॉवर सप्लाय. पॉवर सप्लाय मी वगळायला बघत होतो. जुना चालून जाईल, म्हटलं. त्यावर मावशी कडाडली, “मोठं इंजिन लावतोस आनि डिझेलची टाकी तीच? भर दर्यात बंद पडली तर वल्हं तू मारनार काय?”

जुना माल पनवेलला गणराजकडे मिळतो. माझा नेहमीचा माणूस. त्याच्याकडे माल येईपर्यंत जुलै सरला, आणि मग एका पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो, मांडीवर भाविकासाठी सुक्या मासळीचं पुडकं. शेजारच्या बाईने दोनदा खिडकी उघडली. आम्ही पोचलो तेव्हा गणराज शटर वर करून उदबत्ती फिरवत होता. मावशी मला कोपराने ढोसून म्हणाली, “भवानी आपलीच. घाई करू नको, त्यो आपल्याला परत लावनार न्हाय.”

गणराजने तीन कार्डं मांडली. पहिलं मी आठवडाभर मोबाइलवर वाचून, तुलना करून, चार जणांची मतं घेऊन मनात पक्कं केलं होतं. दोन पंख्यांचं, चकाचक, डब्यासकट, साडेआठ हजार. मी पैसे काढायलाच निघालो होतो.

मावशीने कार्ड उचललं. आधी हातावर तोललं. मग करंगळीने पंख्याचं पातं वर केलं आणि आत डोकावली, पापलेटाचा कल्ला उघडून बघतात तसं. आणि मग सरळ नाकाला लावलं. गणराजने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. भर पनवेलात माझी ही इज्जत.

“याला पानी लागलंय,” मावशी म्हणाली.

“मावशी, सीलपॅक माल आहे हा!” गणराज म्हणाला.

“सील डब्याला हाय. कार्डाला कुठं हाय? खाडीचा वास हाय याला. चक्रीवादळात माझ्या फ्रिजात पानी गेलं, त्याला सा म्हैनं असाच वास येत व्हता. खोलून दाखव.”

गणराज काही खोलायला तयार होईना. मलाच राहवलं नाही. तिचं चुकलेलं मला बघायचं होतं, हे कबूल करतो. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि मागची पट्टी उघडली. स्क्रूखाली हिरवा गंज होता. कोपऱ्यात सुकलेला गाळ. बारीक आणि राखाडी, पुराच्या पाण्यामागे राहतो तसा. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

“आयला, मलाच कुणीतरी गंडवलं की,” गणराज म्हणाला. चेहऱ्यावरून खरं वाटत होतं, पण तो धंदेवाला आहे, तेव्हा मी काही शपथ घेणार नाही.

“आता वरचं नको. खालचं काढ,” मावशी म्हणाली.

“खाली काही नाही, मावशी.”

“पस्तीस वर्सं मीच वरचं दाखवून खालचं विकतंय. मला शिकवतोस?”

गणराज वाकला. काउंटरखालून एकच पंखा असलेलं, बिनडब्याचं, धुळीने भरलेलं एक काळं कार्ड निघालं. मावशीने ते हुंगलं आणि मान डोलावली. धूळ कोरडी होती. गणराजने सात हजार सांगितले, तिने चार. तो म्हणाला परवडत नाही. ती उठली, भवानीचं गिऱ्हाईक रिकामं चाललंय असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाली आणि दारापर्यंत गेलीसुद्धा. पाच हजारांत कार्ड मिळालं. बाकीचं सामान त्याच चालीने झालं, आणि शेवटी गणराजने तिला विचारलं, “मावशी, माल बघायला महिन्यातून एकदा येशील का?” तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मला त्याने असं कधी विचारलं नव्हतं.

पुडकं घ्यायला भाविका उरणहून पनवेल स्टँडवर आली होती. पोरीने आईला मिठी मारली, कार्ड बघितलं आणि मला म्हणाली, “प्रीतमदादा, चांगलं निवडलंत हां.” मी थँक्यू म्हणालो. मावशीने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मावशीचा कॉम्प्युटर दुकानात आणून मी सगळं बसवलं, खेळ लावून बघितला, लोण्यासारखा चालला. मावशीने कॉम्प्युटर मांडीवर घेऊन रिक्षाने घरी नेला. पुनवेला तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. “तुझा कॉम्प्युटर मेला.”

मी स्कूटर काढून भरडखोलला गेलो. बटण दाबलं तर पंखा फिरायचा आणि पडदा काळाच. बाजूचा पत्रा काढून आत हात घातला तर बोटं बुळबुळली. हुंगलं. ग्रीस! होडीच्या इंजिनाला लावतात ते जाड, पिवळं ग्रीस. रॅमच्या सोनेरी दातांना ग्रीस, कार्डाच्या दातांना ग्रीस, स्क्रूंना ग्रीस, पंख्याच्या आसाला तर चांगलं बोटभर.

“हे कुणी केलं?” मी ओरडलो.

“मी,” नामाकाका दारातून म्हणाले. अगदी ताठ मानेने. “काल सगळं खोललं, लावलं आनि होतं तसं परत बसवलं. इथं खारा वारा हाय. बिजागरी दोन वर्सं टिकत न्हाय, सायकल एक वर्स. तू तर सगळं कोरडं ठेवलं व्हतंस.”

मला प्रचंड राग आला. आणि त्यात भर म्हणजे आतल्या सगळ्या वायरी जाळ्याच्या दोऱ्याने, जाळ्याच्या गाठींनी अशा काही नीट बांधल्या होत्या की माझ्या जन्मात मला तसं जमलेलं नाही. कार्डसुद्धा योग्य खाचेत बसवलेलं. माणसाने चूक करावी तर निदान सगळंच चुकवावं.

“काका, तुम्हाला तर ती हरायला हवी होती ना? मग उठाठेव कशाला?”

नामाकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “हरंल ती. पन तिचं एवढं पैसं गेलं ना. बोंबील सुकवून सुकवून जमवलेलं. खाऱ्या वाऱ्यानं खाल्लं असतं तर?”

माझा आवाज आपोआप खाली आला. मावशी ओटीवर जवळा निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले होते.

मेडिकलमधून स्पिरिट आणलं, एक जुना टूथब्रश घेतला आणि शेजारच्या पोरीच्या दप्तरातला खोडरबर मागून घेतला. रॅमचे दात साफ करायला खोडरबरासारखं काही नाही, ही या धंद्यातली खरी विद्या आहे. खाचा मी ब्रशने साफ केल्या. रॅमच्या दोन्ही पट्ट्या नामाकाका दुपारभर खोडत बसले, चष्मा लावून, श्वास रोखून. पहिल्यांदा जोडलं, चाललं नाही. मावशी उठून आत गेली. परत सगळं काढलं, पुसलं, खोडलं, बसवलं. चारच्या सुमारास पडदा उजळला आणि घरभर गरम ग्रीसचा वास सुटला.

“मावशी, ये!”

ती हात धुऊन आली, खुर्चीवर एक पाय दुमडून बसली आणि होडी बंदराबाहेर काढली. आभाळ काळवंडलं. वारा सुटला. पहिली लाट उठली. लाट थिजली नाही. चांगली माडाएवढी वर आली, फुटली आणि पाणी होडीवरून सरसरत गेलं. मी कसला भारी मिस्त्री आहे, असं मला क्षणभर वाटून गेलं.

नामाकाका अर्थातच मागे उभे होते. “नाळ वर घे, पुढचं टोक! अगो, डावीकडं! इंजिन कमी कर, इंजिन! तिकडं नको, खडक असंल!”

“गप बस रं!” मावशी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “होडीवर तांडेल एकच असतो.”

लग्नाच्या चाळीस वर्षांत तिने त्यांना अरे-तुरे केल्याचं कोळीवाड्यात कुणी ऐकलं नव्हतं. नामाकाकांचं तोंड उघडं राहिलं. पण हा नियम त्यांचाच होता. आपल्या होडीवर त्यांनी किती खलाशांना या एका वाक्याने गप्प केलं असेल! ते गप्प झाले.

तेवढ्यात पडदा गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. भिंतीतल्या सॉकेटात पडद्याचा प्लग ढिला होता, काड्यापेटीचा तुकडा खोचून बसवलेला.

“धर त्यो!” मावशी गरजली.

“धरला!” नामाकाका टेबलाखाली उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी प्लग दाबून धरला. तिथून त्यांना काही दिसत नव्हतं. वीसेक मिनिटं तो साठी उलटलेला तांडेल टेबलाखाली बसून नुसता वाऱ्याचा आवाज ऐकत होता आणि अधूनमधून माझ्याकडे बघून भुवयांनी विचारत होता, आहे ना अजून वर?

मी असतो तर होडी सरळ बंदरावर घातली असती आणि बुडवली असती. मावशीने तसं केलं नाही. तिने होडीचं तोंड लाटांना दिलं, इंजिन मंद ठेवलं आणि वाट बघत राहिली. मोठी लाट गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. मग जराशी उसंत मिळताच झटक्यात वळवली आणि बंदराच्या दिव्याच्या रोखाने सोडली. बंदरात शिरली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत पाणी. तिने दोन्ही एकाच पदराने पुसलं.

“लागली?” टेबलाखालून आवाज आला.

“लागली,” मी म्हणालो.

नामाकाका हळूहळू बाहेर आले, गुडघे धरून उभे राहिले आणि बाहेर विडी ओढायला गेले. मी मागोमाग गेलो तर समुद्राकडे बघत म्हणाले, “लाट सोडून मंग वळवली. व्हय ना?” मी हो म्हटलं. “बरोबर वळवली,” ते म्हणाले.

आतून मावशीचा ओरडा आला. धावत गेलो. खेळातल्या बंदरातल्या व्यापाऱ्याने तिच्या मासळीचा भाव लावला होता.

“हा भाव? एवढ्या मोठ्या माशाला? घासाघीस कुठल्या बटनावर हाय?”

“मावशी, घासाघीस नसते यात. देईल तो भाव घ्यायचा.”

“असं कसं? ह्या भावात मी बोंबील पन देनार न्हाय!” आणि मी अडवायच्या आत तिने होडी परत फिरवली, मासळीसकट, त्याच तुफानात, दुसऱ्या बंदराच्या शोधात. नामाकाका विडी विझवून आले आणि निमूट टेबलाखाली जाऊन बसले.

पौर्णिमेला मी नारळ घेऊन भरडखोलला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी होड्या निघणार म्हणून मुद्दाम राहिलो. सकाळी मावशी ओटीवर बर्फाच्या पेट्या धूत बसली होती. खालून खलाशी हाका मारत होते. नामाकाका डिझेलचा कॅन घेऊन निघाले, उंबऱ्याशी थबकले आणि मिशीत हसत म्हणाले, “काय तांडेल, निघू का?”

मावशीने मान वळवून समुद्राकडे पाहिलं, मग माडांच्या शेंड्यांकडे, मग नवऱ्याकडे. भाव सांगताना बघते तसंच, सावकाश.

“डिझेल पुरतं हाय?”

“हाय.”

“दुपारपर्यंत वारा पडंल. भाकरी खाऊन निघा.”

नामाकाकांनी थट्टाच केली होती, हे मलाही कळत होतं. पण त्यांनी कॅन खाली ठेवला, खलाशांना हाताने थांबा म्हणून खूण केली आणि भाकरी खायला आत जाऊन बसले.